तोरणाखाली अडलेली मैना

हातातला चहा आधी संपवून घ्या. खरंच सांगतो! मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आला होता. त्याची बायको अजून माझ्याकडे रागाने पाहते.

संपला? बरं. आता ऐका, माणूस आपल्याच धंद्यात, आपल्याच मालाने, आख्ख्या गावासमोर तोंडघशी कसा पडतो ते.

मी सुधाकर. दिग्रसला माझं नळ्यांचं दुकान आहे. नळ्या म्हणजे शेतातल्या. फवारणी पंपाच्या, तुषारच्या, ठिबकच्या, सगळ्या. कोणी शेतकरी दुकानात आला की मी नळी हातात घेऊन सुरू होतो, "पाहा काका, भायेरून साधीच दिसते. पन पहिल्या झाडाले जेवढं पानी, तेवढंच शेवटच्या झाडाले. एकसारखं! चोकअप होनार नाई. माही गॅरंटी!" हे मी इतक्या वेळा बोललोय की शोभा म्हणते, झोपेतही बोलतो.

शोभा म्हणजे माझी बायको. या किश्श्यात तिचं काम मोठं आहे, तेव्हा तिला आत्ताच नमस्कार करून ठेवा.

आणि मैना म्हणजे आमची पिकअप गाडी. जुनी. किती जुनी ते विचारू नका, बाईचं वय विचारत नाहीत. पुढे जीपसारखं चपटं नाक, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, आणि आवाज असा की मी गावाच्या शिवेवर आलो की घरी शोभा भाजी फोडणीला टाकते.

बाबांनी शेवटची बैलजोडी विकून ही गाडी घेतली होती. त्या वर्षी पोळा आला आणि बाबा दारात नुसते बसून राहिले. गावभर बैल सजत होते, घुंगरं वाजत होती, आणि आमचा गोठा रिकामा. शेवटी ते उठले. गाडी धुतली, दोन्ही आरशांना शिंगांसारखा बेगड चिकटवला, नाकावर झूल टाकली आणि गाडी नेऊन पोळ्याच्या रांगेत शेवटी उभी केली.

लोक हसले. आमचे शेजारी नामदेवकाका, बाबांचे जिवाचे दोस्त, ते तर कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "अरे, पोळा बैलाचा असते! हे तं बाई हाय!"

बाबा म्हणाले, "काम बैलाचं करते ना? मंग तिचाबी पोळा."

झालं! तेव्हापासून दर पोळ्याला मैना बैलांच्या मागून देवळासमोरच्या तोरणाखालून जाते. बाबा गेल्यावरही मी हा नेम चुकू दिला नाही. खोटं कशाला बोलू, मला बाबांची आठवण भिंतीवरच्या फोटोसमोर येत नाही. मैनेची चावी फिरवली की येते.

आणि तीच मैना यंदा गळायला लागली.

आधी अंगणात एक डाग. मग दुसरा. मग एका सकाळी शोभाने काढलेल्या रांगोळीतला मोर डिझेलच्या तळ्यात उभा! घरात असा वास की पाहुणे बसायच्या आधी विचारायचे, "गॅस तं चालू नाई राह्यला?" शोभाने काही दिवस तोंड मिटून काढले. पोळा जवळ आला आणि तिने तोंड उघडलं.

"अहो, भंगारवाला येऊन गेला."

"कायले?"

"मैनेले पाहाले. मीच बोलावलं होतं."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"शोभा! बाबाची गाडी हाय ते!"

"मामंजीची गाडी हाय म्हनूनच तं इतके दिवस चूप होती," ती म्हणाली. "पन सांगा, कापूस भिजला तेव्हा हे रस्त्यात बंद. माह्या भावाचं लग्न होतं तेव्हा हे रस्त्यात बंद. दुकानाले नवा टेम्पो घेऊ म्हनते मी, तं तुमाले आयकूच येत नाई. आता असं करा. पोळ्याले तोरनाखालून आपल्या इंजिनावर निंगली, अन् आपल्या इंजिनावर घरी आली, तं ठेवा. मी पुन्हा शब्द नाई काढत. बंद पडली, तं करीच्या दिवशी भंगारवाला येऊन नेईन. कबूल?"

कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. म्हणजे मैनेच्या आयुष्याचा हिशेब पोळ्याच्या संध्याकाळीच होणार होता.

"कबूल!" मी म्हणालो. आणि अशा तोऱ्यात म्हणालो, जणू अट मीच घातली होती.

दुसऱ्या दिवशी मैनेला दिग्रसला रफीकभाईच्या गॅरेजवर नेलं. रफीकभाईने गाडीखाली मान घातली, बाहेर काढली, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, डिझेलच्या दोन्ही लाइना सडल्या. जानेवाली भी, आनेवाली भी."

आता तुम्हाला एवढंच कळलं तरी पुरे. मैनेची टाकी मागे, हौद्याखाली. इंजिन पुढे. एक नळी टाकीतलं डिझेल इंजिनाकडे नेते, दुसरी उरलेलं परत टाकीत आणते. दोन्ही नळ्या गाडीच्या पोटाखालून शेजारी शेजारी जातात. यापेक्षा जास्त विज्ञान या किश्श्यात नाही.

"यवतमाळहून डिझेलचा रबरी पाइप आनून द्या," रफीकभाई म्हणाला. "पोळ्याच्या आंधी बसवून देतो."

"पाइप? मले पाइप विकत आनाले सांगून राह्यले तुमी?"

"डिझेलचा अलग येते ना भाऊ."

"रफीकभाई, आख्ख्या तालुक्याले नळ्या मी पुरवतो! काखेत कळसा अन् गावाले वळसा कायले?"

रफीकभाईने फडक्याला हात पुसले. "मालिक तुमी हाय," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. मी हा माझा विजय समजलो. तुम्हीही समजला असता की नाही?

तिथून थेट दुकानात. दुकानात लाईट गेलेली. पण नळी शोधायला मला कुठे उजेड लागतो? अंधारात नुसता हात लावून नळी ओळखतो, हे मी गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगत आलोय. हात लावला, ओळखली, हवी तेवढी कापली, खांद्यावर टाकली आणि घरी.

मग सुरू झाला महायज्ञ!

पहिली अडचण, टाकीतलं डिझेल काढायचं कशात? घरभर शोधलं. स्वयंपाकघरात एक मोठा गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, घासूनपुसून पालथा घातलेला दिसला. चकाचक. मी म्हटलं, वा! नेला आणि लावला टाकीखाली.

तो पुरणाची डाळ शिजवायचा गंज होता. पोळ्यासाठी शोभाने मुद्दाम वरून काढून ठेवलेला.

तिने तो पाहिला तेव्हा मी गाडीखाली उताणा पडलेला होतो, त्यामुळे मला फक्त तिचे पाय दिसत होते. पण पायांवरूनही माणसाचा राग कळतो, हे मला त्या दिवशी समजलं.

"अहो."

"हं?"

"बैलाले पुरनपोळी देतेत. डिझेलपोळी नाई!"

"धुऊन देतो ना!"

"आता थो गंज तुमच्या मैनेलेच घाला," ती म्हणाली आणि नामदेवकाकांच्या घरी गंज मागायला गेली. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच गावात बातमी पोचली.

जुन्या नळ्या निघता निघेनात. क्लिपा गंजलेल्या. एक सोडवली तर उरलंसुरलं डिझेल माझ्या बाहीतून थेट काखेत! दुसरी सोडवायला गेलो तर पाना सटकला आणि अंगठा सोलला. पण मी मागे हटणारा नव्हतो. बाबा चिखलात रुतलेली बैलगाडी एकट्याच्या खांद्याने काढायचे, आणि मी दोन नळ्यांना भिणार?

नळीचं तोंड गरम पाण्यात बुडवायचं, मऊ झालं की तोटीवर दाबून बसवायचं, ही आमच्या धंद्यातली युक्ती. त्यासाठी चहाचं आधण पळवलं. नळी अशी बसली, अशी बसली, की मी गाडीखालीच स्वतःची पाठ थोपटली. झोपून पाठ थोपटणं सोपं नाही, करून पाहा.

संध्याकाळी खाली वाकून पाहिलं. एक थेंब नाही!

"शोभा, ये! पाह्य! कोरडी ठनठनीत!"

शोभा आली, वाकली, पाहिलं. "टाकीत डिझेल हाय का?"

डिझेल अजून गंजातच होतं.

असू द्या. सकाळी डिझेल ओतलं, हवा काढली, चावी मारली. मैना गुरगुरली, हसली, सुरू झाली! मी अंगणात उडी मारली. शोभा दारात आली. आणि मैना खोकली, थरथरली आणि बंद पडली.

"हवा धरली असंन," मी म्हणालो. डिझेलच्या गाडीत नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडतं. हवा काढायची, परत चालू करायची. मी काढली. चालू झाली. फाटकापर्यंत गेली. बंद.

खाली पाहिलं तर नळी ओलसर. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? नळी पाहिली असती. मी काय केलं? नळी सोडून बाकी सगळं पाहिलं! क्लिपा बदलल्या. वॉशर बदलले. फिल्टर बदलला. टाकीच्या बुचाला साबण चोपडला. थेंब कुठे पडतायत तेही नीट दिसेना, कारण अंगणात पावसाचा चिखल, काळी माती, पडलेलं सगळं पिऊन टाकणारी.

शेवटी रफीकभाईला फोन केला.

"कहीं से हवा खींच रही है," तो म्हणाला. "पाइप पाहा."

"पाइप पाहाचं काही कारनच नाई! माह्या दुकानचा हाय थो!"

"म्हनूनच तं सांगून राह्यलो, भाऊ."

मी फोन ठेवला. असे टोमणे मी ऐकून घेत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत एवढी प्रगती झाली होती की हवा काढली की मैना घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत कशीबशी जात होती. म्हणजे तोरणापर्यंत. मी ठरवलं, बस! तोरण ओलांडायला आणखी कितीसं लागतं? बाकीचं मारुतीराया पाहून घेतील.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावायचं, पळसाच्या पानाने शेकायचं आणि बैलाला जेवणाचं आवतण द्यायचं. बाबा हे मैनेलाही करायचे, चाकांच्या वरच्या पत्र्याला. त्या संध्याकाळी मी वाटी घेऊन निघालो तर शोभा आधीच मैनेजवळ उभी. पदर खोचून, हळदीचा हात मैनेच्या पत्र्यावरून हळूहळू फिरवत होती, अगदी मायेने. मी दारातच थांबलो. माझं मन भरून आलं हो.

"आज आवतन घे माय," ती मैनेला म्हणाली, "उद्या जेवाले ये. अन् परवा भंगारात जाय."

माझं भरून आलेलं मन जागच्या जागी रिकामं झालं!

पोळ्याचा दिवस. देवळासमोरचा सिमेंटचा रस्ता झाडून काढलेला. वर आंब्याच्या पानांचं तोरण. रांगेत बैल, एकाहून एक, झुली, घुंगरं, रंगवलेली शिंगं. आणि सगळ्यात शेवटी मैना. आरशांना बेगड, नाकावर झूल, गळ्यात, म्हणजे जिथे गळा असायला हवा तिथे, झेंडूची माळ.

आमच्या पोळ्यात तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणतात. झडत्या म्हणजे एकमेकांची खेचायला रचलेल्या ओळी. त्यात कोणाचीही खैर नसते, सरपंचाचीही नाही. नामदेवकाका या कामात वाघ. गंजाची बातमी त्यांच्याच घरून फुटलेली. आधी दोनचार जणांना लोळवून त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"पुरनाच्या गंजामंदी डिझेल केलं गोळा,
सुधाकरच्या मैनेचा आज हाय पोळा,
झूल घातली, बेगड लावला, गळ्यात घातली माळ,
पन चावी मारल्याबिगर नाई समजत हिची चाल!
एक नमन गौरा पारबती, हर बोला..."

"हर हर महादेव!" सगळं गाव.

मी सीटवर बसून हसत होतो. हसू दे! घटकाभराने कोण हसतंय ते पाहू. पायऱ्यांवर बायकांत शोभा उभी होती. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे नाही, मैनेकडे पाहत होती.

झडत्या लांबल्या. बराच वेळ मैना त्या सिमेंटवर एकाच जागी उभी होती. हे लक्षात ठेवा.

तोरण तुटलं, म्हणजे मानकऱ्याने मधली पानं ओढून पोळा सोडला, दोरी वर तशीच. एकच गलका! मानाची जोडी पुढे, तिच्यामागे बाकीचे बैल. माझी पाळी आली. मी उतरून हवा काढली, वर चढलो, बाबांचं नाव घेतलं आणि चावी मारली.

सुरू! पहिल्याच झटक्यात! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी छाती काढून गियर टाकला. मैना निघाली. नाक तोरणाच्या दोरीखाली गेलं. काच गेली. मी गेलो. हौदा जायचा बाकी.

खोकली. थरथरली. बंद!

अर्धी तोरणाच्या आत, अर्धी बाहेर. चावी मारली. घुर्र... घुर्र... काही नाही. मी उतरलो, बॉनेट उघडलं, चेहरा गंभीर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "फिल्टरात कचरा आला वाटते!"

तेवढ्यात मागून नामदेवकाकांचा आवाज. "सुधाकर, इकडे ये बरं जरा."

काका मघाशी मैना उभी होती त्या जागी वाकून काहीतरी पाहत होते. मी गेलो. कोरड्या, स्वच्छ सिमेंटवर डिझेलचे ओले ठिपके. एक ठिपका, थोडं अंतर, दुसरा ठिपका. तेवढंच अंतर, तिसरा. सरळ रेघेत. आणि शेजारी तशीच दुसरी रेघ.

काकांनी हाताची वीत लावली. पहिल्या दोन ठिपक्यांत मोजलं. पुढच्या दोघांत मोजलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सुधाकर, हे अंतर मले वयखीचं वाटून राह्यलं."

काका पुढच्या ठिपक्याकडे सरकले.

"माह्या वावरात कपाशीच्या पऱ्हाटीले पानी असंच पडते. तूच लावून देल्लं ना बे? जोडओळ. दोन नळ्या, सारखं अंतर."

धावत मैनेजवळ गेलो. मी गुडघ्यावर बसलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नळीकडे नीट पाहिलं. मागून येणाऱ्या उन्हात सगळं लख्ख दिसत होतं. नळीला भोकं होती! ठराविक अंतरावर, ओळीने, कंपनीने मुद्दाम पाडलेली भोकं! आणि प्रत्येक भोकातून एकेक थेंब, अगदी शिस्तीत, टप... टप... टप...

ठिबकची नळी होती ती!

गळणारी नळी काढून मी कोणती नळी लावली होती? जिचा जन्मच गळण्यासाठी झालाय ती! दोन्ही लायनींना! थांबली की त्या भोकांतून डिझेल बाहेर, आणि इंजिन ओढायला लागलं की त्याच भोकांतून हवा आत. मग गाडी चालणार कशी? साध्या नळीचं बंडल डावीकडे असतं आणि ठिबकचं उजवीकडे. पण पोळ्यासाठी दुकान झाडताना बंडलांची जागा कोणी बदलली होती? मीच!

काका उभे राहिले. घसा साफ केला. त्यांना आता झडती रचायचीही गरज नव्हती. त्यांनी माझंच भाषण माझ्याच आवाजात सुरू केलं.

"पाहा गाववाल्यांनो! भायेरून साधीच दिसते. पन पहिल्या ठिपक्याले जेवढं डिझेल, तेवढंच शेवटच्या ठिपक्याले. एकसारखं! चोकअप कोठंच नाई झाली. मानलं बावा तुह्या गॅरंटीले! माह्या तुरीलेबी हेच नळी दे."

मग जे हसू फुटलं, त्याने बैल बुजले. मागून कोणीतरी झडती फेकलीच,

"कोनी पेरली तूर भाऊ, कोनी पेरली पऱ्हाटी,
सुधाकरनं डिझेल पेरलं सिमेंटाच्या काठी!"

"हर हर महादेव!"

मला वाटलं, आत्ता ते सिमेंट दुभंगावं आणि मला पोटात घ्यावं. पण सिमेंट कसलं दुभंगतं, सरपंचाने चांगलं काम केलं होतं.

हसू ओसरलं आणि माझ्या ध्यानात आलं, मैना अजून तोरणाखालीच अडलीय. बैलांनी ओढायची? पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मेलो तरी मागणार नाही. मी ट्रॅक्टरवाल्या गजाननकडे पाहिलं. त्याच्या ट्रॅक्टरलाही झेंडूची माळ.

"नाई भाऊ," तो हात जोडून म्हणाला, "आज माह्या ट्रॅक्टरचाबी पोळा हाय. तुमच्या बाबानंच पाडली ना हे रीत?"

बरोबर होतं त्याचं. रीत बाबांचीच.

मग मी काय केलं? अट हरलो होतो, ते कळत होतं. पण बाबांची गाडी तोरणाखाली अर्धवट सोडून मी घरी जाणार नव्हतो. इंजिनावर नाही तर नाही! मी गियर सोडवला, मागे गेलो, हौद्याच्या फळीला खांदा लावला आणि रेटलं. मैना हलली नाही. पुन्हा रेटलं. चप्पल सटकली, पाय डिझेलवरून घसरला, गुडघा फुटला. उठलो, परत खांदा लावला. आता कोणी हसत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते गुडघ्याचं होतं असं मी लोकांना सांगतो.

एकदम फळी हलकी वाटली. बाजूला पाहिलं तर शोभा! नवी साडी, पदर खोचलेला, खांदा फळीला.

"तोंडाकडे काय पाहून राह्यले?" ती धापा टाकत म्हणाली. "लोटा ना! मामंजीची गाडी अशी लटकत ठेवता का?"

मग नामदेवकाका आले. गजानन आला. "बैलाले जू नाई आज, मानसाले चालते!" असं ओरडत अर्धं गाव आलं. मैना तोरणाखालून गेली, देवळाला वळसा घालून घरीही आली. फक्त इंजिनावर नाही, खांद्यांवर.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. दोन्ही खांदे सुजलेले, हात वर होत नव्हता. शोभा आतून वाटी घेऊन आली. हळद आणि तूप. पळसाचं पान गरम करून आणलेलं. तिने माझा शर्ट खांद्यावरून सरकवला आणि शेकायला लागली.

"आवतन द्याचं राह्यलं होतं," ती म्हणाली. "जेवाले या."

मी पुरणपोळी खाल्ली. बैलासारखी, मान खाली घालून.

"अन् उद्या?" मी हळूच विचारलं.

"उद्याचं उद्या," ती म्हणाली.

करीच्या सकाळी अंगणात खडखड ऐकू आली. आला भंगारवाला! धावत बाहेर आलो तर गाडीखालून दोन पाय बाहेर. रफीकभाईचे.

"तुमी इथं कसे?"

"मीच बोलावलं," दारातून शोभा म्हणाली. "यवतमाळचा रबरी पाइप घेऊनच या म्हनलं."

रफीकभाईने माझ्या नळ्या काढून बाजूला ठेवल्या, जपून, सापाच्या कातीसारख्या. नवा पाइप बसवला, हवा काढली, मला चावी मारायला सांगितली. मैना सुरू झाली. खोकली नाही, थरथरली नाही. चालतच राहिली, तोच आवाज, बाबांच्या वेळचा. मी उतरून तिच्या नाकावर हात ठेवून उभा राहिलो आणि मला, आता तुमच्यापासून काय लपवू, रडू आवरेना.

नेमका तेव्हाच भंगारवाला फाटकात आला. चालू गाडी पाहून बिचारा गोंधळला.

"वहिनी, हे तं चांगली चालू हाय. मंग मले कायले बोलावलं?"

"गाडी नाई द्याची, भाऊ," शोभा म्हणाली. "गाडीत खराबी नव्हतीच. खराबी कशात होती ते काल आख्ख्या गावानं पाह्यलं." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "हे घेऊन जाता का?"

भंगारवाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक चक्कर मारली, जुन्या गाडीभोवती मारतात तशी. खांद्यावर टिचकी मारली, बोटाला हळद लागली ती पाहिली. मग माझ्या गालांवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"नाई वहिनी, हा माल मी नाई घेत," तो म्हणाला. "पाहा ना, हे तं अजूनबी टपकून राह्यलं."